बंदुकीचा पल्ला आणि सशाचा संशय

भित्र्या माणसाला सशाच्या काळजाचा म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. हा शब्दप्रयोग ज्याने प्रथम केला, त्याने ससा बहुधा पळतानाच पाहिला असावा. कान पाठीला चिकटवून, अंग मातीशी दाबून, शत्रूला दोन हातांवरून जाऊ देणारा ससा ज्याने पाहिला आहे, त्याला भित्रा म्हणण्यास त्याची जीभ रेटणार नाही. ससा सावध असतो. भित्रेपणा आणि सावधपणा यांतील अंतर समजून घ्यायला आम्हांला एक अख्खा हिवाळा लागला. त्याची किंमत मात्र आम्ही चुकविली नाही, ती दुसऱ्यानेच चुकविली. पन्नास वर्षे आम्ही ही हकीगत घरातही फारशी बोललो नव्हतो. ती आज वाचकांपुढे ठेवण्यास कारण घडले आहे, ते शेवटी येईलच.

आमगावाहून लांजीस येणारी सडक आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाची आहे. वाटेत कुठे तरी महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेश सुरू होतो. शेतांकडे पाहून हे कुणाला कळणार नाही, कारण ही सीमा १९५६ सालची. तोवर बालाघाट, भंडारा आणि नागपूर एकाच प्रांतात नांदत होते, आणि त्याही आधी हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. लांजीचे नाव निघाले की परगावच्या माणसाला किल्ल्याचा पडका तट, लांजकाईचे देऊळ, कोटेश्वराची महाशिवरात्रीची यात्रा आठवते. आम्हांला मात्र आधी धानाच्या बांध्या आठवतात. एकीला लागून एक अशा पाणी धरणाऱ्या बांध्या, त्यांच्या मधले गवताने माखलेले धुरे, धुऱ्यावर कुठे पळस, कुठे मोह, आणि उताराला एखादी बोडी. धान कापणीला येण्यापूर्वीच उभ्या पिकात लाखोळी फेकतात. ती जमिनीतल्या ओलीवर रुजते. धान घरी गेले की चार दिवसांत पिवळ्या धसकटांमधून लाखोळीचा कोवळा, हिरवा गालिचा वर येतो. माणसांची वर्दळ तेव्हा खळ्यावर असते आणि बांध्या ओस पडतात. सशांची खरी दिवाळी तेव्हा सुरू होते.

१९७१ सालच्या त्या हिवाळ्यात आम्ही चौदा वर्षांचे होतो. आमच्या धाकट्या काकांनी नागपुराहून छर्ऱ्याची बंदूक आणली होती. पाखरे हाकण्यासाठी, असे त्यांनी आजोबांना सांगितले होते. आम्हांला मात्र ती हाती घेताच ससा दिसू लागला.

येथे थोडे सशाविषयी सांगितले पाहिजे. शहरात पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा, लाल डोळ्यांचा प्राणी आणि आपल्या शेतातला ससा यांची जातकुळी निराळी आहे. पाळीव सशाचा मूळपुरुष युरोपातला. तो बिळे खणतो, जमिनीखाली कळपाने राहतो, आणि त्याची पिले जन्मतः उघडी व आंधळी असतात. आपला ससा बीळ खणीत नाही. गवतात, झुडपाच्या बुडाशी अंग दबून जी खळगी होते तेवढेच त्याचे घर. त्याची पिले अंगावर लव आणि डोळे उघडे घेऊनच जन्माला येतात. मानेच्या मागच्या बाजूस काळा डाग असतो, त्यावरून तो ओळखावा. वजन दोन-तीन किलो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळविता त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. लांब कान तो वेगवेगळ्या दिशांना फिरवू शकतो. दिवसा तो दबून बसतो आणि संध्याकाळी चरावयास निघतो. पळताना सरळ रेषेत न जाता झटक्यासरशी वळणे घेत जातो, त्यामुळे मागचा कोल्हा स्वतःच्याच वेगाने पुढे निघून जातो. कोल्हा, रानमांजर, बिबळ्या, गरुड, घुबड, एवढ्यांची भूक ज्याच्यावर टपलेली आहे, त्याला बिळाचा आसरा नाही, नख्यांचा नाही, दातांचा नाही. त्याच्यापाशी आहे ती फक्त सावधगिरी.

छर्ऱ्याच्या बंदुकीने ससे मारण्याची वर्णने इंग्रजी पुस्तकांतून आढळतात, ती त्या बीळ खणणाऱ्या प्राण्याची. त्याची गोष्ट वेगळी आहे. १८५९ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने हौसेखातर इंग्लंडहून आणवून दोन डझन ससे आपल्या मळ्यावर सोडले. काही दशकांतच त्यांच्या संततीने त्या खंडाची कुरणे उजाड केली. शेवटी १९५० साली त्यांच्यात रोगाचे विषाणू सोडण्याची पाळी तेथील सरकारवर आली. परदेशचा शेतकरी सशावर बंदूक रोखतो, त्यामागे असा इतिहास असतो. आपला ससा कुणी आणून सोडलेला नाही. तो इथलाच, आणि लाखोळीची चार पाने खातो म्हणून कुणाचे खळे रिते राहिल्याचे आम्ही तरी पाहिले नाही. पण चौदाव्या वर्षी एवढा विचार कोण करतो?

आता बंदुकीविषयी. हिच्यात दारू नसते. नळी मोडून खाली दाबली की आतली पोलादी कमान आवळली जाते. चाप ओढताच कमान सुटते, तिच्या पुढचा दट्ट्या हवा दाबतो, आणि त्या हवेच्या रेट्याने शिशाचा छर्रा बाहेर पडतो. छर्ऱ्याची जाडी साडेचार मिलिमीटर, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आकार कमरेत आवळलेल्या डमरूसारखा. कागदाच्या निशाणावर हे यंत्र मोठे गुणी. जिवंत जनावरापुढे मात्र ते दुबळे आहे. काडतुसाच्या लहानात लहान बंदुकीच्या मानाने त्याचा जोर एक दशांशही नसतो. पंचवीस पावलांपलीकडे छर्रा वाऱ्याने ढळतो, खाली झुकतो. सशाच्या डोक्यात रुपयाच्या नाण्याएवढी एकच जागा अशी आहे, की तेथे तो बसला तर प्राणी जागच्या जागी मरेल. अन्यत्र कोठेही बसला तर ससा पळून जातो आणि झुडपात तासन्‌तास, कधी दिवसन्‌दिवस कुढत मरतो. कान सपाट करून, पायांखाली सारे बळ गोळा करून बसलेला ससा माणसाला सहसा पन्नास पावलांवरच ओळखतो. बंदुकीचा पल्ला पंचवीस पावले, सशाचा संशय पन्नास. मधली पंचवीस पावले बंदुकीने कापता येत नाहीत. ती माणसालाच कापावी लागतात.

ती कशी कापावयाची हे आम्हांला आमच्या घरच्या सालदाराने शिकविले. तो गोंड होता, वयाने साठीच्या पुढचा. बंदूक त्याने जन्मात हाती धरली नव्हती, पण गावशिवारातला कोणता ससा कोणत्या धुऱ्याने उतरतो हे त्याला ठाऊक होते. पहिले दोन आठवडे त्याने आम्हांला बंदूक शेतावर आणूच दिली नाही.

“बापू, सस्याले पाहू नोको,” तो म्हणाला. “वारा कोनीकडून येते ते पाय.”

ही पहिली शिकवण. चिमूटभर कोरडी माती बोटांतून सोडून वारा पाहावयाचा आणि तो आपल्या तोंडावर येईल अशा बाजूला बसावयाचे. दुसरी शिकवण चालण्याची. दबून बसलेल्या सशाच्या जवळून माणूस एका लयीत चालत गेला तर तो बहुधा उठत नाही. चालता चालता थांबला की उठतो. आपल्याला कुणी पाहिले आहे, हे त्याला त्या थांबण्यावरून कळते. तिसरी खुणांची. उडी मारताना सशाचे मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. त्यामुळे ओल्या मातीतल्या ठशांत मोठी जोडी ज्या बाजूला, ससा त्या बाजूला गेला असे समजावे. गोल, कोरड्या लेंड्या आणि तिरप्या कातरल्यासारखे खुडलेले लाखोळीचे शेंडे दिसले की त्याची नित्याची वाट जवळच आहे. चौथी शिकवण टिटवीची. तिला टाळून शेतात कुणालाच जाता येत नाही. ती एकदा ओरडत डोक्यावर फिरू लागली की अर्ध्या मैलातले सारे ससे कान टवकारतात.

“टिटवी बोलली का घरी चालाचं,” सालदार म्हणे. “आता तो दिस तिचा.”

असे कित्येक दिवस आम्ही टिटवीला देऊन टाकले. हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. सशाच्या मागे जाऊन ती पंचवीस पावले कापता येत नाहीत. तो येण्याच्या आधी, उन्हे उतरण्यापूर्वी, त्याच्या वाटेच्या खालच्या वाऱ्याला पळसाच्या बुंध्याला पाठ लावून बसावे आणि ती पावले त्यालाच कापू द्यावीत. बसल्यावर नाक खाजले तरी हात उचलावयाचा नाही. असे बसू लागलो तेव्हा कुठे आम्हांला शेत दिसू लागले. बोडीवर उतरणारी बदके, धुऱ्यावरून एकामागून एक पळणारी तित्तिरांची रांग, आणि अंधार पडता पडता, कुठून आला हे न कळता, लाखोळीत उभा राहिलेला ससा. मागच्या पायांवर उभा राहून तो चहूकडे पाही, मिशा हलवी, आणि मग दोन घास खाई. दर दोन घासांमागे एकदा पाहणे, हा त्याचा नेम.

बंदूक आणण्याची परवानगी देताना सालदाराने दोन अटी घातल्या. पंधरा पावलांच्या आत आल्याशिवाय चाप ओढावयाचा नाही आणि डोके स्थिर झाल्याशिवाय तर मुळीच नाही. आम्ही होय म्हणालो.

पौषातली संध्याकाळ होती. सालदार खळ्यावर होता, आम्ही एकटेच पळसाखाली बसलो होतो. थंडीने पाय बधिर झाले होते. ससा आला तो पलीकडच्या धुऱ्याने. तिसेक पावलांवर थांबला आणि चरू लागला. पुढे येईना. उजेड घटकेघटकेला कमी होत होता. आणखी थोडे थांबलो असतो तर तो आला असता किंवा निघून गेला असता, दोहोंत काही बिघडले नसते. आम्ही चाप ओढला.

ससा हवेत उडाला आणि ओरडला. ससा जन्मभर मुका असतो असे लोक समजतात, पण जखमी झालेला ससा ओरडतो, आणि ते ओरडणे तान्ह्या मुलासारखे असते. तो धुरा ओलांडून गेला. आम्ही कंदील आणून रात्री आठपर्यंत शोधले. गवतावर चार ठिकाणी रक्त होते, पुढे काही नाही.

सकाळी सालदाराने ते शोधून काढले. बोडीच्या काठच्या बेशरमीच्या झुडपात ते पडले होते. अंग अजून पुरते ताठले नव्हते, म्हणजे मरण्यास बराच वेळ लागला होता. छर्रा मांडीत होता. सालदाराने ते उलटे केले, पोटावरून अंगठा फिरविला, आणि अंगठ्यावर दूध आले.

“हिची पिल्लं असतीन,” एवढेच तो बोलला.

तो रागावला असता तर आम्हांला बरे वाटले असते. तो काही न बोलता बांध्यांतून फिरू लागला, आम्ही त्याच्या मागे. दुपारपर्यंत त्याने प्रत्येक धुऱ्याचे गवत काठीने अलगद बाजूला सारले. पिले सापडली नाहीत. सापडणार नव्हतीच, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले. सशाची मादी पिलांपाशी बसून राहत नाही, कारण तिच्या वासाने कोल्हा येईल. पिले गवतात लपून निश्चल पडून राहतात. युरोपातल्या सशांचा अभ्यास करणाऱ्यांनी असे नोंदले आहे की मादी दिवसातून एकदाच, सूर्यास्तानंतर, पिलांना पाजावयास येते, आणि त्या वेळी वेगवेगळी लपलेली पिले एका जागी गोळा होतात. न सापडणे हीच त्यांची एकमेव कला. आमच्यापुढे त्यांनी ती उत्तम पाळली, आणि म्हणूनच आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही. आपल्या देशात सशाच्या विणीला वर्षाचा अमुकच काळ असा नसतो. त्यामुळे शिकाऱ्याला आडोशाला घेता येईल असा निर्धोक महिनाही नसतो.

सालदार मादी घरी घेऊन गेला. मांस टाकणे त्याच्या लेखी पाप होते. आम्ही बंदूक पुसून माळ्यावर ठेवली. काकांनी विचारले नाही.

पुढच्याच वर्षी, १९७२ साली, वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्यात आरंभी सशाची गणना लहान शिकारीत होती आणि परवाना काढून ती करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाटही बंद केली. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण, आमच्या परिचयाच्या अनेक सुशिक्षित कुटुंबांत एक गैरसमज रूढ आहे. साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या, कमी जोराच्या छर्ऱ्याच्या बंदुकीला शस्त्रपरवाना लागत नाही. तेव्हा तिने ससा मारण्यासही हरकत नसावी, असे लोक धरून चालतात. बंदूक बाळगणे आणि तिने रानातला जीव मारणे या कायद्याच्या दृष्टीने दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. शेत आपले असले तरी त्यातला ससा आपला नसतो, आणि त्याच्या शिकारीला कैदेची शिक्षा आहे.

पण केवळ कायद्याच्या धाकाने माणूस बदलत नाही. आमच्या जवळच्याच मुलखात याची थोर उदाहरणे आहेत. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार एके काळचे नामांकित शिकारी. पुढे तेच त्या अरण्याच्या राखणीसाठी झटले. १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकारी लेखकाने त्यांच्यापाशी बसून रानाची अक्षरे गिरविली. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन हिंडलेले. नागझिऱ्याच्या रानात ते राहिले ते मात्र नुसते पाहण्यासाठी, आणि त्यातून ‘नागझिरा’ हे पुस्तक झाले. या मंडळींनी बंदूक ठेवली, पण वारा पाहणे, माग काढणे, तासन्‌तास न हलता बसणे हे जे बंदुकीमुळे शिकले होते, ते टाकले नाही. दूर अरुणाचल प्रदेशातही २०२१ साली पूर्व कामेंग जिल्ह्यातून छर्ऱ्याच्या बंदुका सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली. शिकार जेथे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, तेथील लोकांनी आपण होऊन शेकडो बंदुका आणून दिल्या.

आता हे सारे आजच का लिहिले, ते सांगतो. मागच्या दिवाळीत आमचा नातू, मुलीचा मुलगा, नागपुराहून आला. वय चौदा. सोबत नवी कोरी छर्ऱ्याची बंदूक.

“आजोबा, आई म्हणते तुम्हांला ससे कसे येतात ते माहीत आहे. मला शिकवा ना.”

नाही म्हणणे सोपे होते. पण आम्ही नाही म्हटले असते तर तो एकटा गेला असता, आणि आमच्यापेक्षा अडाणी गेला असता. आम्ही म्हटले, “शिकवतो. बंदूक घरी राहील. ज्या दिवशी ससा तुला न ओळखता पंधरा पावलांच्या आत येईल, त्या दिवशी बंदुकीचे बोलू.”

पहिल्या दिवशी टिटवी, दुसऱ्या दिवशी टिटवी. तिसऱ्या दिवशी त्याला खोकला आला. चौथ्या दिवशी त्याने स्वतःच माती सोडून वारा पाहिला आणि आम्हांला जागा बदलावयास लावली. सहाव्या संध्याकाळी लाखोळीतून एक ससा आला आणि चरत चरत आमच्यापासून बारा पावलांवर थांबला. नातवाचा श्वास आम्हांला ऐकू येईनासा झाला. सशाने दोन घास घेतले, वर पाहिले, पुन्हा दोन घास घेतले. पाच-सात मिनिटे तो तेथे होता. मग आपल्या मर्जीने निघून गेला.

वाटेत तो काही बोलला नाही. जेवताना मात्र आजीला सशाच्या नाकपुड्या कशा हलतात हे अर्धा तास सांगत बसला. रात्री अंगणात शेकोटीपाशी आम्ही ठरल्याप्रमाणे बंदुकीचे बोललो. १९७१ सालची ती संध्याकाळ त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. तिचे खरे काम काय तेही सांगितले. अंजली भागवत याच जातीची बंदूक घेऊन २००० साली सिडनीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली, आणि अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळविले. दहा मीटरवरच्या त्या कागदी निशाणाचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो. सशाच्या डोक्याहून तो कितीतरी अवघड, आणि चुकला तर कुणी ओरडत नाही.

नातू ऐकत होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, “आजोबा, मग ती पिल्लं सापडलीच नाहीत?”

“नाही.”

त्याने पुढे काही विचारले नाही. सकाळी त्याने गोठ्यामागे रिकामे डबे मांडले आणि दुपारभर नेम धरीत राहिला. उन्हे उतरू लागली तशी बंदूक पुसून घरात ठेवली आणि एकटाच शेताकडे निघाला. आम्ही मागे गेलो नाही. ओट्यावर बसून कान देऊन होतो. अंधार पडेपर्यंत टिटवी एकदाही ओरडली नाही.